बिजागरीच्या पिना

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९८८. सकाळी डॉक्टर येऊन गेले. भावाला दोनदा उलटी. दुपारी त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, कपाळ फुटलं. दोन चादरी धुतल्या. भांडी लावताना चमचे मोजले, अकरा भरले. एक सापडत नाही.

एवढं लिहून ताईने वही मिटली. त्या चमच्याचा छडा तेव्हाच लावला असता तर शुक्रवार वेगळा गेला असता. पण तीन दिवस ती धड जेवली नव्हती, आणि चमचा म्हणजे काय मोठी चीज!

तिचा भाऊ चावीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी. कुलपाला कान लावायचा, तार आत सरकवायची, की कुलूप निमूट उघडायचं. असा हात. तो गर्दच्या नशेपायी वाया चालला होता. चारच दिवसांपूर्वी त्याने एका बंद दुकानाचं शटर उघडलं आणि लोकांच्या हाती सापडला. शटर ओढायच्या सळईनेच त्यांनी त्याला बडवलं. दोन बरगड्या मोडल्या. तसाच सरपटत तो ताईच्या दाराशी आला.

"ताई, मला कोंड. पण कुलूप लावू नकोस, मलाच हसू येईल."

व्यसनमुक्ती केंद्रात खाट सोमवारी रिकामी होणार होती. तोवर सहा दिवस काढायचे होते. मंगळवारी शेजारचा सुतार आला. दाराच्या बाहेरच्या मुठीतून त्याने जाड दांडा आडवा घातला, दोन्ही टोकं चौकटीवर टेकवली.

"घ्या उस्ताद," तो म्हणाला, "ह्याला भोकच नाही. तार कुठे घालता?"

भाऊ आतून हसला. दार बंद झालं.

मग हातपाय पिळवटायला लागले. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगभर काटा, आणि तोंडाला येईल ती शिवी. ताई खिडकीच्या गजांतून त्याला भरवायची. एकदा त्याने तिचं बोट चावून रक्त काढलं. आईवरून शिवी दिली तेव्हा मात्र ती म्हणाली, "मेल्या, ती तुझीही आई होती." त्याने चादर डोक्यावर ओढली. मग पुन्हा शिव्या.

शुक्रवारी दुपारी शिव्या थांबल्या. ताईला वाटलं, झोपला. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. दार मुठीच्या बाजूने दांड्यात अडकलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूने आत कलंडलं होतं. बिजागऱ्या आतल्या अंगाला होत्या. चमच्याच्या दांड्याने त्याने तिन्ही पिना वर सारून काढल्या होत्या.

फटीतून तो बाहेर आला. कपाळाची पट्टी लोंबत होती.

"बाजूला हो."

"नाही होत."

त्याने तिला ढकललं. तिचं उजवं मनगट उंबऱ्यावर आपटून कळ डोक्यात गेली. ती उठेना म्हणून तो ओलांडायला गेला. तिने पाय धरला. तो कोसळला, वळला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला. तिला दिसेनासं झालं. चाचपडताना डाव्या हाताला सुताराची विसरलेली हातोडी लागली. तिने ती त्याच्या बरगडीवर हाणली. पकड सुटली. तोल सावरायला त्याने उजवा पंजा फरशीवर टेकला. ताईने पुन्हा हातोडी उचलली. हा कुठला हात आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन बोटं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तो गुरासारखा ओरडला. मग भिंतीला टेकून बसला. वाट मोकळी होती आणि ताईत उठायचं त्राण नव्हतं. तो गेला असता तर कोणी अडवलं नसतं.

"पिना मला मंगळवारीच दिसल्या होत्या," मोडका पंजा छातीशी धरून तो म्हणाला. "सुतार दांडा ठोकत होता आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. तीन दिवस गप्प राहिलो, ताई. तीन दिवस."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"एक वाट असू दे म्हटलं."

तो उठला. डाव्या हाताने दांडा ओढून काढला, पिना गोळा केल्या, खांद्याने दार उचलून जागेवर धरलं आणि एकेक पिन आत सोडली.

"आता वरून-खालून ठोक. टोकं चपटी झाली पाहिजेत. मग मलाच काय, माझ्या गुरूलाही निघायची नाहीत."

"माझं मनगट..."

"डाव्या हाताने ठोक. मघाशी नेम बरा होता."

ताई रडत रडत ठोकत राहिली. मग बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि दांडा पुन्हा घातला. दांडा नीट बसला का, ते त्याने आतून दार हिसकून पाहिलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोटं बांधली. ती पुढे कधी सरळ झाली नाहीत. त्याच वाकड्या बोटांत कानस धरून त्याने नंतर सव्वीस वर्षं चाव्या घासल्या. गर्दला पुन्हा शिवला नाही. कोणी बोटांचं विचारलं तर म्हणायचा, "बहिणीने कुलूप लावलं."

त्या रात्री मनगटाला फडकं बांधून, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात ताईने वहीत लिहिलं: चमचे बारा. एकाचा दांडा वाकला आहे.