वाळत घातलेलं जाळं

मी बोईसरला राहते आणि कॅनव्हासवर वाळू, शिंपले, वाळकं शेवाळ चिकटवून समुद्राची चित्रं करते. हे सामान वेचायला सातपाटीच्या किनाऱ्यावर गेले होते, तेव्हा वाळूवर पसरलेलं एक विटक्या निळ्या रंगाचं जाळं दिसलं. रंग मनात भरला आणि मी कात्रीने त्याचा वीतभर तुकडा कापला.

मागून एक म्हातारे कोळी आले. ओरडले नाहीत. भोकाच्या कडेवरून बोटं फिरवत म्हणाले, "टाकलेलं नाय, बाय. वाळत घातलेलं हाय."

मी घाईघाईने तुकडा पुढे केला.

"आता तो काय कामाचा? तुला पायजे होता ना, ठेव."

ते वाळूत बसले, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं आणि भोक विणायला लागले. प्रत्येक गाठ ओढून बघत होते. मी माफीसुद्धा न मागता निघून आले.

पुढे तो तुकडा चिकटवलेलं माझं चित्र पालघरच्या प्रदर्शनात लागलं. लोक वाकून त्या तुकड्यातल्या गाठी बघत होते. खालच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'साहित्य – वाळू, शिंपले, टाकून दिलेलं जाळं.'