बिशपसाहेबांची थापड

आमच्या बिशपसाहेबांच्या मोठेपणाची सुरुवात माझ्या वडिलांच्या गालावरून झाली, असं आमच्या घरात मानतात.

तेव्हा ते नुसते फादर होते. तरुण, पलूसजवळच्या आमच्या गावात नवेच आलेले, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आबा, म्हणजे माझे वडील, चर्चची घंटा वाजवायचे. येशू क्रुसावर गेला त्या शुक्रवारी घंटा अजिबात वाजवायची नसते. नेमकी त्याच दुपारी शेजारच्या पेन्शनर हवालदाराच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. आबांनी घंटा बडवली, गाव धावलं, गंजी वाचली. फादरांनी सगळ्यांदेखत आबांच्या थोबाडीत दिली. घंटा चर्चच्या अंगणातल्या लिंबाला टांगलेली होती, ती आबा वाजवत राहिले; पण चर्चचा उंबरा काही त्यांनी पुन्हा ओलांडला नाही.

फादर मात्र चढत गेले. आधी साताऱ्याला बदली, मग पुण्यात होतकरू पाद्र्यांना शिकवायचं काम (संयम शिकवत असतील), मग जांभळा कमरपट्टा, बोटात अंगठी, आणि एकदम बिशप. "हात चालणाऱ्याला बढती लवकर मिळती," आबा म्हणायचे.

बिशप झाल्यावर ते आमच्या गावी दृढीकरणाला यायचे ठरले. बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करायचा हा विधी; यात बिशप कपाळाला तेल लावतात आणि गालावर हलकी चापट मारतात, श्रद्धेपायी सोसायची तयारी असावी म्हणून. माझं दृढीकरण व्हायचं होतं आणि आबांचंही राहून गेलं होतं.

"आवं, लेकीसंगं तुमीबी उरकून घ्या," आई म्हणाली.

"त्याच्या हातची एक खाल्लीया. प्वाट भरलंय."

मला मात्र आबा हवे होते. दर सणाला मी आत आणि ते लिंबाखाली, याची मला लाज वाटायची. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तरी ते तयार होईनात.

शेवटी हवालदार मध्ये पडला. "जावा तुमी. म्या दारात हुबा ऱ्हातो. त्यानं हात उचलला तर बघतो." विधीतल्या चापटीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बिशपांनी मला तेल लावलं, चापट मारली, आणि हवालदार पायताणासकट आत आला.

"बापाला मारलंसा, आता लेकीला व्हय?"

बिशपांनी माझ्या मागं उभ्या असलेल्या आबांकडं पाहिलं. ओळखलं. त्यांचे कान लाल झाले. हवालदाराला कुणीतरी विधी समजावला, पण त्याला तो पटला नाही.

आबा पुढं येऊन गुडघ्यांवर बसले. तेल लावून झालं. मग बिशप खाली वाकले आणि त्यांनी स्वतःचाच गाल पुढं केला.

"घंटा वाजवलीत ते बरोबर होतं. आधी तुम्ही."

घंटेच्या दोरानं आबांच्या तळहाताला घट्टे पडले होते. आता साहेबांची टोपी उडते, असं मला वाटलं. खरं सांगते, उडावी असंही वाटलं. आबांनी नुसती दोन बोटं त्यांच्या गालाला टेकवली. बिशपांनी तेवढीच हलकी परत केली.

मग आबा येऊन माझ्याशेजारी बसले, आणि मी हुंदके देऊन रडले. आई मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, "इतकी वर्सं राखल्याली थापड, आन् अशी वाया घालवली."