चेतनाच्या बग्गीच्या तंगड्या

चेतना घाडी आठवडाभर शाळेची व्हॅन चालवते. जोगेश्वरी पूर्वेच्या चढावरच्या गल्लीत ती व्हॅन रिव्हर्स घालायला लागली की समोरचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचं विसरतो. रविवारी हीच बाई बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर, ओढणी कमरेला बांधून मचाणावर उभी असते. हातात रिमोट आणि खाली लाल मातीत धुरळा उडवत जाणारी हातभर लांबीची बग्गी.

नाद मूळचा तिच्या नवऱ्याचा, राजारामचा. एका रविवारी रिमोट हिच्या हातात देऊन तो चहा आणायला गेला. परत येऊन बघतो तर हिने दोघांना मागे टाकलेलं.

"गे, माझो रिमोट," तो म्हणाला.

"चहा ठेव तिथे," मान न वळवता हिने सांगितलं.

तेव्हापासून गाडी हिची आणि पाना-पक्कड त्याची. दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. राजारामने पुढच्या रविवारी चष्मा पुसला आणि खाली बसून चाकं आवळायला घेतली.

बग्गीच्या सांगाड्याला चाकांशी जोडणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांना बाकी सगळे आर्म म्हणतात. राजाराम तंगड्या म्हणतो, आणि आता तिथला सगळा रेसिंग क्लब तेच म्हणतो. चेतनाच्या तंगड्या कायम प्लास्टिकच्या. नवं प्लास्टिक सुकं असतं, दणका बसला की कडकन मोडतं. म्हणून ती ते पाण्यात उकळून चिवट करून घेते. गॅसवर तो टोप बघून सासू विचारते, "तंगड्यांचो रस्सो करतंस काय गे?"

"हो आई, वाटप तेवढं तुम्ही लावा."

राजारामचा जीव मात्र कार्बन फायबरवर. हलकं, ताठ, काळंभोर. यंदा त्याने कार्बनचा पत्रा आणला आणि चार तंगड्या हाताने कापल्या. भुकटी छातीत जाते म्हणून तोंडाला फडकं बांधून, पाण्याखाली धरून कडा घासल्या आणि पत्र्याचे थर सुटू नयेत म्हणून वरून सुपरग्लू फिरवला. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. त्या तयार झाल्या त्या दिवशी सगळ्या इमारतीला दाखवून आला.

बंगळूरूच्या स्पर्धेसाठी क्लबच्या संघात दोनच जागा होत्या. गेली दोन वर्षं चेतना तिसरी येत होती. त्या रविवारी निवड होती आणि गाडीला राजारामच्या तंगड्या होत्या.

"चेतनाबेन, कार्बन?" बोरीवलीची तेजल शाह ओरडली. "मग आम्ही घरी जाऊन ढोकळा करू ना!"

"करून ठेव. जिंकून खायला येते."

पहिल्या फेरीत गाडी तीरासारखी गेली. चेतना पहिली आली. राजारामने पिशवी उगाच दोनदा आवरली.

या खेळाचा एक रिवाज आहे. आपली फेरी संपली की घरी पळायचं नाही, पुढच्या फेरीला ट्रॅकवर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. चेतनाच्या वाट्याला शेवटचं वळण आलं. सकाळी तिथे पाणी मारलं होतं, आता ऊन चढलं होतं आणि गाड्यांनी माती उकरून खड्डा पाडला होता. दर फेरीला तो वाढत होता. ताठ तंगड्यांच्या गाड्या त्यावरून उडत आणि तिरक्या पडत. प्लास्टिकवाल्या जरा लचकत आणि निघून जात. एकामागून एक ती गाड्या उचलत राहिली आणि उचललेली जवळजवळ प्रत्येक गाडी कार्बनची निघाली.

परत आली ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन बसली. "राजा, तंगड्या काढ. प्लास्टिकच्या लाव."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. मग तोंड पडलं. "पयली इलंस ना तू? ह्याच तंगड्यांवर इलंस ना?"

"तेव्हा तिथे खड्डा नव्हता रे. आता आहे. फायनलपर्यंत अजून खोल होईल."

"तुका खड्डो दिसता. माका माझे दोन महिने दिसतत."

"मला पण दिसतात," चेतना म्हणाली. "पण गाडीला ते दिसत नाहीत ना."

तिला स्वतःला स्क्रू काढता आले असते, पण तिने हात लावला नाही. गाडी त्याच्या पुढ्यात ठेवून पाणी प्यायला गेली.

परत आली तेव्हा प्लास्टिकच्या तंगड्या लागल्या होत्या. काळ्या चार फडक्यात गुंडाळून त्याने खिशात ठेवल्या होत्या. "मागची उजवी जरा सैल सोडलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्या वळणावर बरी बसात."

फायनलला सरळ रस्त्यावर चेतना मागे पडत होती. कार्बनवाले तिथे सुसाट जात. खड्ड्यावर ती दर वेळी एकेकाला गाठायची. शेवटच्या चकरेत तिची गाडी कडेच्या पाइपावर अशी आदळली की राजाराम उठून उभा राहिला. तंगडी मुडपली, परत सरळ झाली आणि गाडी पळाली.

तेजल पहिली, चेतना दुसरी. संघात जागा मिळाली.

राजाराम बग्गी उचलून आणायला गेला. तंगडी मुडपली होती तिथे पांढरा वळ उठला होता. त्यावर त्याने अंगठा दाबून पाहिला.

"मोडाक होयी होती ही," तो म्हणाला. "मोडली नाय."

"बंगळूरूला ट्रॅक गालिच्याचा आहे," चेतना म्हणाली. "सपाट, खड्डा नाही."

"मगे?"

"मग काय? आधी बघू दे मला. तुझं मन राखायला मी काही लावणार नाही हां."

"नको लावू," राजाराम म्हणाला. त्याने खिशातलं फडकं काढून तिच्या हातात दिलं. "पण ह्यो संच तूच ठेव. बघून झाल्यार सांग."