देवाचं भाडं

कोणाच्याही घरी गेले की आबा उंबऱ्याशीच थांबत आणि आतल्या माणसाला विचारत, "देव बसना का?" म्हणजे, देव नीट स्थिरावला का. आमच्या तापीकाठच्या गावात या प्रश्नाने भलेभले गडबडून जात. कारण आबा समाजाच्या फंडाचे खजिनदार होते आणि हीच त्यांची वसुली होती.

एकोणिसाव्या शतकात आमचे पूर्वज गुजरातेतून इथे आले. तिकडे आपल्या देवाची सेवा मोकळेपणी होईना म्हणून बैलगाडीत देव घेऊन निघाले, असं घरोघरी सांगतात. आधी पोचलेल्यांनी मागच्यांसाठी पैसा जमवला. बैलांचा चारा, नदी उतरायची नाव, वाटेतलं जेवण. त्याला वाटखर्ची म्हणत. ज्याला ती मिळाली त्याने नव्या घरात देव बसला, पीक हाती आलं, की पुढच्या कुटुंबासाठी तेवढीच रक्कम भरायची. मागायची पद्धत नाही. फक्त देवाची चौकशी करायची.

आता कोणी गाडीतून येत नाही. पोरं सुरतेला बिऱ्हाड हलवतात, त्यांना फंडातून मदत होते. अशा एकाला आबांनी फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आबा, फ्लॅटमा जागा नही. फ्रिजवर ठेयेल शे."

"मंग तो बसना नही, चढी बठना," आबा म्हणाले आणि त्याला आणखी मुदत दिली.

आबांच्या केळीत तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीतली एक बाई कामाला यायची. तिचं डोंगरातलं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. माणसं खाली आली, पण तिचे वडील, गावचे पुजारी, वरच राहिले. पाण्याच्या कडेला एकटे, गावदेवाजवळ. "बाबा म्हणतो, देव आला तर मी येईन," ती बांधावर भाकरी खाता खाता म्हणाली. देव आणायचा तर विधी, साऱ्या पाड्यांना जेवण, जीप. पाऊस लागला की रस्ता बंद, आणि म्हातारा खोकत होता.

आबांनी बैठक बोलावली. फंडातल्या पैशातून सभामंडपाला फरशी बसवायचं ठरत आलं होतं.

"माणूसनं भाडं सरकारनी दिन्हं," आबा म्हणाले. "देवनं कोन देई?"

"आबा, तो देव आपला शे का?" कोणीतरी हसलं.

"आपला देव गाडामा व्हता, तवय नाववालानी ईचारं व्हतं का?"

मग मी उठलो. "पण आबा, तिकडून पैसा परत येई का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. वाटखर्ची घेऊन कधीच न फेडणारं गावातलं एकच घर होतं, आमचं. पणजोबांच्याही आधीपासून ती राहिली होती आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांना तर नक्कीच. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"उशीर व्हई, भाऊ. येई मातर."

माझे कान तापले. ते आठवलं की आजही तापतात.

फरशी राहून गेली, पैसा देवाच्या भाड्याला गेला. आमच्या घराची वाटखर्ची मी त्याच आठवड्यात भरली. आबांनी पावती फाडली आणि चहा सांगितला. त्या हिवाळ्यात ते गेले. वसाहतीतल्या लोकांनी कापूस निघाल्यावर दुसऱ्या एका पाड्याच्या देवासाठी पैसे बाजूला काढले. ते पाहायला आबा नव्हते.

पण देव उतरवला तेव्हा ते होते. जीप मी चालवत होतो. पुजारीबाबा लाकडी देव मांडीवर घेऊन पुढे बसले. मागे धान्याच्या पोत्यावर आबा. कांदाही न खाणाऱ्या या माणसाने काखेत कोंबडा धरला होता आणि तो बिथरू नये म्हणून आपली टोपी त्याच्या डोक्यावर घातली होती.

"आबा, हा कापाना शे," मी म्हणालो.

"त्यासना देवनं जेवन शे. मी आनी तू कोन बोलनारा?"

वसाहतीच्या तोंडाशी ढोल वाजत होते. ती बाई धावत आली, तिने वडिलांचा हात धरून त्यांना उतरवलं, आणि सारी माणसं देवामागे चालू लागली. जीपमध्ये आबा एकटेच राहिले, गुडघे आखडलेले. मी हात पुढे केला.

"थांब," ते म्हणाले. "दखू दे."