वैनींच्या पोफळी

आमच्या वैनी पोफळींचा ताप बघत. पोराच्या कपाळाला आई हात लावते ना, तसा त्या तिसऱ्या प्रहरी आगरात जाऊन एकेका झाडाच्या पश्चिमेकडच्या अंगाला हात लावीत आणि म्हणत, "हिला आज उन्हानं भाजलंन् हो." मी हसत असे. मी मुंबईचा कारकून. झाडाला ताप येतो हे मला कुठून पटणार!

थोरले बंधू लवकर गेले. हेदवीजवळचा आमचा आगर तेव्हापासून वैनींनीच सांभाळला. मी आपला मे महिन्यात आंबे खाण्यापुरता मालक.

अशाच एका मे महिन्यात वैनी भाचीच्या लग्नाला आंजर्ल्याला गेल्या होत्या. आगराच्या पश्चिमेला बांधावर उंडीच्या जुन्या झाडांची दाट रांग होती. पडवीतून समुद्र दिसावा, या हौसेपायी मी ती सगळी रांग तोडून घेतली. वैनी परतल्या. अंगणात उभ्या राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "समुद्र झकास दिसतो हो भावजी!" मला वाटलं, कौतुक केलं. दिवस मावळायच्या आत त्या झावळ्या गोळा करून पोफळींच्या खोडांना बांधत होत्या. पोफळीचं खोड कलतं ऊन सोसत नाही आणि ते अडवायलाच उंडी होत्या, हे त्यांनी मला ऐकवलं नाही. ते आमच्या गड्याने सांगितलं.

झावळ्या पुरून किती पुरणार? दोन वर्षांत खोडं पिवळी पडली, मग तडकली आणि वाऱ्यात मधोमध मोडू लागली. अर्धा आगर गेला. "मुंबईकरांना समुद्र बघायचा होता," असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. मी सुट्टीत गावी जाणंच सोडलं.

वैनींनी पहिल्यापासून सुरुवात केली. बांधावर उंडीच्या बिया, मोकळ्या जागेत केळी, आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. बियाण्याची सुपारी निवडायला त्या गावभर आगर पालथे घालीत. "पोफळ उघड्यावर वाढत नाही हो, तिला आधी कुणीतरी जवळ लागतं," असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई सात-आठ वर्षांनी धरणारी झाडं लावत होती. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

नव्या झाडांना पहिला घड आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. घड गणपतीपुढे ठेवला. देवळात गाव जमलं होतं. पुजाऱ्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"लावणाऱ्याच्या," वैनी म्हणाल्या. "आमच्या भावजींच्या."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडणार तोच वैनींनी डोळ्यांनी दटावलं.

वाटेत मी म्हटलं, "वैनी, देवासमोर खोटं बोललात?"

"बोलले. देव घेईल समजून." त्या चालतच होत्या. "तोडणारा गावाला तोंड दाखवीत नाही हो भावजी. लावणाऱ्याला मात्र यावंच लागतं. माझ्यामागं त्या झाडांचं कोण आहे?"

वैनी गेल्या त्या वर्षी मी मुंबईची नोकरी सोडली. कचेरीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांना काय सांगणार? वैनींनी देवापुढे माझं नाव घेतलं होतं.