ज्या हाताला चटका बसत नव्हता

"मावशी, डोळे मिटा," सर म्हणाले. मी मिटले.

"टोचलं की हो म्हणायचं."

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारा सांगलीतला क्लास. मी फळ्यासमोर उभी. पदर कमरेला खोचलेला, बोटांना कणीक तशीच. माझा उजवा हात सरांनी धरून पोरांच्या बाजूला वळवला होता. कोपराच्या खाली एक फिका डाग होता, बरीच वर्षं होता. मी वाट बघत राहिले. कुणी टोचेचना. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

मी विचारलं, "सर, कवा टोचताय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. काय झालं ते कळलं नव्हतं, तरी हसले. त्या हसण्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

डोळे उघडले. डागावर निळ्या शाईचे ठिपके होते. पेनानं टोचून कधीच झालं होतं.

"दुसरी रांग, कडेची. निदान सांग," सर म्हणाले.

कडेला माझी नात बसली होती. माझ्या मुलाची मुलगी. ती उठली. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. हाताकडं बघून म्हणाली, "कुष्ठरोग, सर."

"कशावरून?"

"फिका चट्टा. त्या जागी संवेदना नाही."

"शाब्बास. बस."

ती बसली. ही माझी आजी आहे, असं ती म्हणाली नाही. ही माझी नात आहे, असं मीही म्हणाले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं पाय आत ओढून घेतले, तेवढं दिसलं. कुष्ठरोग म्हणजे काय, हे मला जिना उतरताना उमगलं. आमच्या माण तालुक्यात त्याला महारोग म्हणतात.

मी चौथी शिकलेली. जन्म मेंढरांमागं गेला. मुलगा मुंबईला दुसऱ्याची गाडी चालवतो. नात हुशार निघाली, डॉक्टर व्हायचं म्हणाली. सर मोठ्या ऊसवाल्या घरातले. क्लास त्यांचा, वसतिगृह त्यांचं, खानावळही त्यांचीच. मी खानावळीत चपात्या करायच्या आणि नातीला वसतिगृहात जागा द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे ती माझी कोण, हे सरांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते त्यांना आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. आठवत असेल तर वाईट. नसेल तरी वाईटच.

वर्गातल्या पोरींना मात्र ठाऊक नव्हतं. नातीनं मला आधीच बजावलं होतं, "आजे, त्यांच्यासमोर मला हाक मारू नको." मी बरं म्हणाले. लेकराला आपली लाज वाटते हे गिळायला वेळ लागतो, पण गिळलं.

पोरींसमोर नसेना का, पण दुपारी भांडी आवरली की ती मागच्या दारानं माझ्याकडं यायची. रोगांचं पुस्तक माझ्या हातात द्यायची. मराठीतलं होतं, मला अडखळत वाचता यायचं. मी पेशंट व्हायचे. लक्षणं वाचायची, वर थोडं नाटक करायचं. खोकायचं, कण्हायचं. "थंडी वाजून ताप येतो, घाम आला की उतरतो, आवं डॉक्टरीणबाई." ती म्हणायची, हिवताप, रक्त तपासा. "संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलंय." क्षय, थुंकी तपासा. ओळखलं नाही तर मी मरून पडायचे. ती लोळून हसायची.

म्हणून सरांनी वर्गात बोलावलं तेव्हा मी आनंदानं गेले. वाटलं, नातीनं आपलं नाटक सरांना सांगितलं. आता सगळ्या पोरांपुढं पेशंट व्हायचं.

हाताची गोष्ट तर त्याहून वाईट. तव्यावरची चपाती बाकीच्या बायका फडक्यानं दाबायच्या. मी हाताच्या काठानं दाबायचे, करंगळीकडच्या. मला चटका बसत नसे. त्याचा मला लय तोरा होता. पोरी बघायला यायच्या, मी मुद्दाम हात जास्त वेळ ठेवायचे. सर एकदा खानावळीत आले, तेव्हा त्यांनाही करून दाखवलं. "आमचा हात मेंढक्याचा हाय, सर. ह्याला इस्तू बी भितो." ते हसले नाहीत. त्यांनी बाही वर करायला सांगितली, डाग बघितला. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावलं.

बाजारात मेंढीचं तोंड उघडून दात बघतात, पाठ दाबतात. मी हजारदा बघितलंय. मेंढीला कोण विचारतो? पण गिऱ्हाईक तिला हसत नाही.

त्याच दिवशी माझं चपात्या करणं थांबलं. नात म्हणाली, सरकारी दवाखान्यात जाऊ. मी एकटी गेले. तिथल्या सिस्टरनं आधी माझं नाव विचारलं. मग गाव. मग पडदा ओढला आणि म्हणाली, डोळे मिटा. मी मिटले. तपासून झाल्यावर तिनं सांगितलं, रोग तोच आहे. गोळ्या फुकट मिळतील, बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. पण गेलेली जाण परत येईल याचा भरवसा नाही. "तुम्हाला कुणी ओळखून दिलं?" तिनं विचारलं.

"नातीनं."

"हुशार आहे हो नात."

मी मान हलवली.

गावी आले. गोळ्या घेत होते. नवीन वर्ग सुरू व्हायच्या वेळी नात आली; तिचं क्लासचं आणखी एक वर्ष राहिलं होतं. उंबऱ्यातच म्हणाली, सरांनी तुला बोलावलंय, नव्या पोरांना दाखवायला. पुस्तकात वाचलेलं पोरं विसरतात, डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाहीत. मी नाही म्हणाले. मग तिनं राहिलेलं सांगितलं. आलीस तरच माझी जागा राहते.

तिच्या जागेसाठी मी गेले. ठरवून गेले, की गप उभं राहायचं.

तोच फळा. नवी पोरं. सरांनी माझा हात धरला, वळवला. पेनाचं टोपण काढलं. "मावशी, डोळे मिटा."

मी मिटले नाहीत. आधी ठरवलेलं नव्हतं. नाहीच मिटले.

"मिटा ना."

"न्हाई. टोचायचं तर माझ्या तोंडाकडं बगून टोचा."

सर हसून म्हणाले, असं चालत नाही, डोळे उघडे असले तर तपासणी होत नाही.

"दवाखान्यात मिटलं की. तिथं माझं नाव इचारलं हुतं. तुमच्या खानावळीत इतक्या चपात्या भाजल्या. माझं नाव काय, सर?"

त्यांना येत नव्हतं. मी हात सोडवून घेतला. दुसऱ्या रांगेत नात होती, खाली बघत होती. मी सगळ्यांसमोर तिला नावानं हाक मारली आणि म्हणाले, "चल, ट्रंक आवर."

ती आली. दहिवडीपर्यंत एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. आता घरीच अभ्यास करते. तिची जागा मी घालवली, असं तिला वाटतं. घालवली. परीक्षा पास होईल की नाही, मला माहीत नाही.

परवा पुस्तक घेऊन आली. "आजे, वाच ना. त्या दिवशी माझं चुकलं."

तिला मी अजून माफ केलेलं नाही, आणि तसं तोंडावर सांगितलं. मग पुस्तक घेतलं. कण्हले नाही, खोकले नाही. ती म्हणाली, "लक्षणं सांग."

"आधी माझं नाव इचार."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, आणि मगच पहिली ओळ वाचली. रोज असंच चालणार. ज्या दिवशी ती विचारायला विसरेल, त्या दिवशी मी वाचणार नाही. मग तिला सगळे रोग तोंडपाठ असले तरी.