सेवेची चेष्टा
कपाट आवरताना हिंदी परीक्षेचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र सापडलं आणि साठच्या दशकातली बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाची ती सभा आठवली. शिवाजीनगरच्या सभागृहात मल्लिगेच्या गजऱ्यांचा वास दाटला होता. दिल्लीचे एक बडे पुढारी हिंदीत बोलत होते आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर मी ते मराठीत सांगत होते. "मैं आपकी सेवा की चेष्टा करूँगा," ते म्हणाले. मी गोंधळले, पण सांगून टाकलं, "मी तुमच्या सेवेची चेष्टा करीन." हशा पिकला. लोक खूश झाले असं वाटून त्यांनी हात जोडून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "अक्का, असं कसं म्हणतात हे?" मी अध्यक्षीणबाईंना हळूच विचारलं. "मोठी माणसं गं, काहीही म्हणतात!" चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, हे मला महिन्याभराने कळलं, तोवर ते वाक्य त्यांच्या नावावर गावभर झालं होतं. अजूनही कुणी ते सांगून त्यांना हसलं, की मीही हसते.